सुलतानचं बिऱ्हाड

धाहरान, शुक्रवार, २८ जून २०२४

प्रिय शेवंता,

तुझी अट मान्य. व्हिडिओ कॉलवर तुला माझ्या मागे बनियनवर बसलेले पाच जण दिसतात, मला तुझ्या मागे आई दिसते, आणि आपण दोघं "जेवलात का" आणि "ऊन फार आहे" यापलीकडे जात नाही, हे खरंच आहे. तेव्हा दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कागदावर लिहीन आणि फोटो काढून पाठवीन. तूही तसंच कर.

पहिल्याच पत्रात बातमी देतो. आमच्या खोलीत एक सरडा राहायला आलाय.

हसू नकोस, पुढचं वाच. मी ज्या कॉलनीत एसी दुरुस्तीला जातो तिथे इसहाक साहेब म्हणून मोठे इंजिनिअर आहेत, मूळचे आपल्या महाडकडचे. त्यांच्या मुलीने, इफराने, दम्मामच्या बाजारातून शॅमेलिऑन आणलाय. येमेनच्या डोंगराकडची जात. हिरवंगार अंग, डोक्यावर उंच टोपीसारखा तुरा, आणि डोळे असे की एक माझ्याकडे आणि दुसरा दौलतकडे बघतो. नाव सुलतान. साहेब सहकुटुंब दोन महिने महाडला निघाले, सुलतानला सांभाळायला कोणी नाही, म्हणून मला विचारलं. मी नाही म्हणणार होतो. पण इफरा माझा शर्ट धरून उभी राहिली. आपली रुचा माझा शर्ट कधी धरत नाही ग. फोन दाखवला की तुझ्या मागे लपते, आणि जानेवारीत घरी आलो तेव्हा आठवडाभर मला "ते काका" म्हणत होती. म्हटलं, कोणाच्या तरी पोरीचं काम माझ्या हातून होऊ दे.

कॅम्पात प्राणी ठेवायला बंदी आहे, तेव्हा कोणाजवळ बोलू नकोस. माझ्या वरच्या बंकवरचा दौलत, आपला राजापूरचा, म्हणाला, "रंग बदलणारे इथे कमी होते म्हणून आणखी एक आणलास का?" पण थाट बघ आमचा. सुलतानची काचेची पेटी मी बरोबर एसीच्या झोताखाली ठेवलीय. खोलीतली सगळ्यात मानाची जागा. ह्या मुलखात माणसावर माया करायची तर त्याला एसीसमोर बसवतात.

तुझी तब्येत कशी आहे? सहावा लागला ना. माझा रजेचा नंबर आता थेट पुढच्या सालानंतर, त्यामुळे ऑक्टोबरला मी नसेन हे मनाला लागून होतं. पण तूच फोनवर म्हणालीस, "येऊन तुमचं काय काम?" ते ऐकून मी निर्धास्त झालो.

तुझा
समाधान

देवरूख, ५ जुलै २०२४

अहो,

पत्र मिळालं. रुचाला वाचून दाखवलं. फोन बघून पळणारी पोरगी पत्रासमोर मांडी घालून बसली. सरडा काय खातो, त्याला पांघरूण आहे का, तो बाबांना चावतो का, असे प्रश्न झोपेपर्यंत चालले होते. "बाबांना" म्हणाली, बरं का. सरड्याच्या नादात तोंडातून गेलं, पण गेलं.

आता माझं ऐका. तुमची अक्कल एसीत गारठली आहे का? सरडा कधी गारव्याला बसलेला बघितलात? आपल्या कुंपणावरचा सकाळी उन्हं आली की फांदीवर आडवा होऊन अंग शेकत बसतो. त्या परक्या जिवाला तुम्ही झोताखाली ठेवलंत. काळाठिक्कर पडला असेल बिचारा. आधी उचला तिथून.

आई म्हणतात, सरडा घरात आणणं चांगलं नसतं. मी म्हटलं, घर कुठे आहे ते, कॅम्प आहे. त्यावर त्यांचंही समाधान झालं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आमच्या माणसाची धाव धाहरानपर्यंत.

मी मजेत आहे. पायांना थोडी सूज आहे, ती सगळ्यांनाच येते. ऑक्टोबरचं मनावर घेऊ नका. बाळंतपण बायकांचं काम, पुरुष म्हणजे दारातली अडगळ, असं आई म्हणतात.

तुमची
शेवंता

धाहरान, शुक्रवार, १२ जुलै २०२४

प्रिय शेवंता,

तू इथे कॅमेरा लावलायस का? सुलतान खरोखर काळा पडला होता. मला वाटलं होतं रागावलाय. तुझं पत्र वाचून त्याला झोतातून काढलं, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून मोबाईलवर ह्या जातीबद्दल जे सापडेल ते बघितलं. शेवंता, पहिल्यापासून सगळंच चुकलेलं होतं. ती काचेची पेटी माशांची. दुकानदाराने इफराच्या गळ्यात मारली. ह्या प्राण्याला खेळती हवा लागते, उंची लागते, चढायला फांद्या लागतात. जमिनीवर फिरणारा गडी नाही तो, झाडावर राहणारा.

मग काय, मी एसीवाला. डक्टच्या कामातून उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्टोअरकीपरला विचारून आणल्या, चौकट केली, चारी बाजूंनी बारीक जाळी ठोकली. माझ्या छातीएवढं उंच घर झालं. दौलत सुतार आहे, त्याने दार असं बसवलं की करकर नाही. नर्सरीतून जास्वंद आणि मनीप्लांट आणून आत ठेवले. वर एक बल्ब लावलाय, त्याच्याखालच्या फांदीवर बसून तो अंग शेकतो, आणि शेजारी उन्हासारखा उजेड देणारी खास नळी आहे, तिच्याशिवाय म्हणे ह्यांची हाडं मऊ पडतात.

पाण्याची तर गंमतच. वाटी ठेवली तर ढुंकून बघत नाही. पानावरचा थेंबच चाटतो. म्हणून प्लास्टिकच्या बाटलीला सुईने भोक पाडून वर टांगली, थेंब थेंब जास्वंदीवर पडतो, आणि खाली एसीचा जुना ड्रेन पॅन लावून पाणी बाहेर काढलं. ड्रेनचं काम माझ्याइतकं ह्या कॅम्पात कोणाला येत नाही, हे मी आधीही सांगितलं आहे.

जेवणाला जिवंत रातकिडे, दुकानात डब्यात मिळतात. त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं, आपण बांगडा रव्यात घोळवतो तसं. हे काम फकरुद्दीनने घेतलंय. तो बिहारचा, खोलीतला सगळ्यात चांगला स्वयंपाकी. सुलतान जीभ फेकतो ती दिसतही नाही. फकरुद्दीन म्हणतो, "मेरा खाना इतने शौक से तुम लोगों में से किसी ने नहीं खाया."

एसीवरून मात्र भांडण झालं. मी सव्वीसवर ठेवा म्हणालो तर खोलीत बंड झालं. शेवटी घर खिडकीच्या कोपऱ्यात नेलं आणि झोत अडवायला पुठ्ठा लावला. कॅम्प बॉस तपासणीला आला तेव्हा आम्ही सगळे ओले टॉवेल त्यावर वाळत घातले. तो म्हणाला, शाबास, टॉवेल असे एका जागी वाळत घालावेत.

सुलतान आता पोपटी हिरवा झालाय. रुचाला सांग.

तुझा
समाधान

देवरूख, २१ जुलै २०२४

अहो,

रुचाने सुलतानचं घर काढलंय. आत सरड्याबरोबर तुम्ही आणि तीही आहे. मी विचारलं, मी कुठे? म्हणाली, "तू पत्र वाचतेस." आता दर शुक्रवारी संध्याकाळी फोन माझ्याआधी ती हातात घेते. तिचा निरोप असा, की सुलतानला सांगा, रुचा देवरूखला असते.

तुमच्या त्या महालाचं वर्णन शेजारच्या शोभनाताईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "समाधान भावोजी एवढे हौशी असतील असं वाटलं नव्हतं." मलाही वाटलं नव्हतं. रुचाचा पाळणा माझ्या भावाने टांगला. तुम्ही त्याची कडीसुद्धा बघितली नव्हती. असो, गमतीने लिहिलं.

तपासणीला जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिली आहे, साधीच आहे. पाऊस धो धो आहे. मी मजेत आहे.

शेवंता

धाहरान, शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४

प्रिय शेवंता,

हे पत्र रुचाला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, सुलतान मजेत आहे.

तो मजेत नाही. सोमवारपासून तोंड उघडत नाही. फकरुद्दीन रातकिडे नाकासमोर नाचवतो तरी बघत नाही. झाडावरून खाली उतरलाय, आणि हा प्राणी कधी खाली उतरत नाही. दिवसभर तळाशी येरझाऱ्या घालतो, कोपरे खरवडतो. रंग गडद झालाय, अंगावर निळे-पिवळे ठिपके उठलेत. इतके सुंदर ठिपके, पण मला त्यांची भीती वाटते. पोटही गाठीगाठींचं झालंय.

खोलीत सहा जण आणि सात निदानं. दौलत म्हणतो, कोठा साफ नाही. फकरुद्दीन म्हणतो गॅस, ओवा द्या. एक जण म्हणाला नजर लागली. शेजारच्या खोबर शहरात प्राण्यांचा डॉक्टर आहे, फोन केला, पण तो मांजरं आणि ससाणे बघतो. सरडे बघणारा डॉक्टर सुट्टीवर गेलाय.

इसहाक साहेबांना फोन लावायला हात उचलत नाही. फोन इफराच घेते आणि पहिला प्रश्न सुलतानचा असतो. काल तिचाच फोन आला, आणि मी तिच्याशी खोटं बोललो. पोरीने विश्वासाने जीव हातात दिला आणि तो माझ्या हातात मेला तर मी तिच्यासमोर कसा उभा राहू, सांग.

समाधान

देवरूख, २ ऑगस्ट, संध्याकाळ

अहो,

आधी खाली बसा. तो आजारी नाही. तो गडीच नाही. तुमचा सुलतान बाई आहे आणि तिचे दिवस भरलेत.

मागच्या पावसाळ्यात आपल्या जास्वंदीखाली सरडी उतरली होती. दोन दिवस अशीच अस्वस्थ, इकडे खणून बघ, तिकडे खणून बघ. मग एका जागी पुढच्या पायांनी खड्डा केला, अंडी घातली, माती सारखी केली आणि निघून गेली. तुमची बाई खणायला जागा शोधते आहे, आणि तुम्ही तिला ड्रेन पॅन दिलाय. नर कुठून आला म्हणून विचारू नका. आपल्या कोंबड्या काय कोंबड्याला विचारून अंडी घालतात?

आता लिहिते तसं करा. मोठी बादली घ्या, खोल. निम्म्याहून वर वाळू भरा. वाळू ओलसर हवी, मुठीत दाबली तर गोळा राहील आणि पाणी गळणार नाही अशी. बादली तिच्या घरात ठेवा आणि घराला चारी बाजूंनी चादर बांधा. मग तुम्ही सगळे तिथून बाहेर व्हा. वाकून बघायचं नाही, फट करून बघायचं नाही. कोणी बघतंय असं वाटलं तर ती घालणार नाही, आणि आत अडली तर मरेल. पाणी मात्र चालू ठेवा.

सहा बाप एका खोलीत राहतात आणि एकालाही पोटुशी ओळखता येऊ नये, कमाल आहे.

रुचाला मी खरं सांगितलं. पोर लहान आहे, वेडी नाही. ती म्हणाली, "मग बाबांना सांग, घाबरू नका."

शेवंता

धाहरान, १० ऑगस्ट २०२४

प्रिय शेवंता,

सुटली. सुखरूप सुटली. आता सगळं सांगतो.

इथली वाळू खारट असते, म्हणून बांधकामावरची आणून पाच-सहा पाण्यांनी धुतली. बादली ठेवली. दौलतने स्वतःची नवी चादर बांधली, गेल्या ईदला कंपनीने दिलेली, अजून घडी मोडलेली नव्हती. पहिले काही दिवस तिने नुसतं खणलं आणि सोडलं, खणलं आणि सोडलं. मी तुझा शब्द पाळला, पण फकरुद्दीन एकदा वाकताना सापडला, त्याला दौलतने कॉलर धरून मागे ओढला.

काल शुक्रवारी सकाळी आतून वाळू उडाल्याचा आवाज आला आणि मग एकदम शांत झालं. मी म्हटलं, यल्ला, सगळे बाहेर. सहा माणसं आपल्याच खोलीतून हाकलली गेली. बाहेर तापलेला व्हरांडा, म्हणून मेसमध्ये जाऊन बसलो. दौलत बसेना. ह्या टेबलापासून त्या टेबलापर्यंत चालत राहिला. फकरुद्दीन जुम्माच्या नमाजाला गेला, येऊन म्हणाला, दुवा मागून आलो. कोणासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग कोणीतरी सहज विचारलं, तुझ्या पोराच्या वेळी तू कुठे होतास? आणि एकेक जण सांगायला लागला. कोणी बसमध्ये, कोणी जुबैलच्या कारखान्याच्या शटडाऊनला. फकरुद्दीनचा मुलगा चालायला लागल्यावर त्याने पहिल्यांदा बघितला. दौलतची तीन मुलं, तिन्ही वेळा पेढे त्याने इथेच वाटले. मी म्हटलं, मी छतावर चिलर उघडून बसलो होतो. फोन आला, मुलगी झाली. खाली उतरलो तर सांगायला जवळचं कोणी नव्हतं, म्हणून सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, मबरूक, म्हणजे अभिनंदन, आता दुसरं युनिट बघ. मी बघितलंही.

दुपार कलल्यावर परत गेलो. चादर हळूच सरकवली. बाई फांदीवर बसलेली, अंगभर वाळू, पोट खपाटीला गेलेलं, आणि थेंबाखाली तोंड धरून पाणी पीत होती. पीतच राहिली. बादलीतली वाळू अशी सारखी केलेली की कळूही नये. खाली अंडी निघाली, पांढरी, करवंदाएवढी, ओंजळ भरून. त्यातून काही व्हायचं नाही म्हणतात, पण आम्ही टाळ्या वाजवल्या. दौलतने डोळे पुसले आणि म्हणाला वाळू गेली. फकरुद्दीनने बाळंतिणीच्या नावाने शिरा केला. आज सकाळी तिने तीन रातकिडे खाल्ले. नाव आता सुलताना.

तू नसतीस तर ती गेली असती. तुझ्या वेळी अशीच सगळी तयारी आई करेल, तेव्हा मला काही काळजी नाही.

तुझा
समाधान

देवरूख, १७ ऑगस्ट २०२४

अहो,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की आई आतून बाहेर आल्या. दुसऱ्यांदा रडले.

एका सरडीसाठी सहा पुरुष कामधाम सोडून मेसमध्ये बसले. कोणी फेऱ्या मारल्या, कोणी दुवा मागितली, कोणी नवी चादर दिली. आणि शेवटी माझा नवरा लिहितो, तुझं आई करेल, मला काही काळजी नाही. मला सरडीचा हेवा वाटला. पोटात सात महिन्यांचं पोर घेऊन मी सरडीचा हेवा केला.

मी म्हटलं होतं, तुमचं काय काम. तुम्ही ते खरं धरलंत. तीन हजार किलोमीटरवरून जास्वंदीखालची सरडी मला कळते आणि तुम्हाला तुमची बायको कळत नाही? येऊ शकत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तोंडाने म्हटलं की येऊ नका. म्हणजे नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

मी मजेत नाही. माझं ब्लडप्रेशर वाढलंय. ती साधी गोळी त्याचीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटच्या महिन्यात रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, कदाचित पोट उघडावं लागेल. आईंना मी पूर्ण सांगितलेलं नाही, त्या घाबरतील. मी घाबरलेय. रुचाच्या वेळी नव्हते घाबरले, कारण तेव्हा काही कळतच नव्हतं.

मला आई हव्यात, शोभनाताई हव्यात, पण मला तुम्ही हवे आहात. अडगळ तर अडगळ. दारात उभे राहा, पण उभे राहा. जमत नसेल तर जमत नाही असं सरळ लिहा, मी समजून घेईन. पण मला काळजी नाही, असं परत लिहू नका.

शेवंता

धाहरान, शुक्रवार, ३० ऑगस्ट २०२४

प्रिय शेवंता,

गेल्या शुक्रवारी पत्र आलं नाही म्हणून तू काय समजली असशील ते मला कळतं. हातात काही असल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं. फोनवर तू नुसतं "हं" म्हणत होतीस आणि मी पाच जणांसमोर काही बोलू शकत नव्हतो.

तुझं पत्र वाचल्यावर मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, रजेच्या तक्त्यात तुझं नाव नाही. मी म्हटलं, बिनपगारी द्या. तो म्हणाला, पगाराचा प्रश्न नाही, माणसाचा आहे, ऑक्टोबरमध्ये एकाच माणसाला सोडता येतं आणि तो दौलत आहे, दिवाळीसाठी. मी परत आलो आणि दौलतला काही बोललो नाही. तो दोन वर्षं त्या दिवाळीची वाट बघतोय. धाकट्याला आकाशकंदील स्वतः करून देईन म्हणून त्याने बांबूच्या काड्या तासून ठेवल्यात.

पण एका खोलीत काय लपतं. रजा कशी अडली आणि तुझ्या पत्रात काय होतं ते मी फकरुद्दीनला सांगितलं होतं, दौलतने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. रविवारी कामावरून आला आणि म्हणाला, "उठ, ऑफिसात चल." सुपरवायझरसमोर म्हणाला, माझ्या नावावर ह्याचं नाव लिहा. मी म्हटलं, दौलत, मला हे घेता येणार नाही. तो म्हणाला, "दिवाळी दरवर्षी येते. आणि मी तुझ्यासाठी करत नाही, वहिनीसाठी करतोय. माझ्या बायकोने असं पत्र कधी लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं." मग जिना उतरताना पुढे पुढे चालत राहिला, मला तोंड दाखवलं नाही.

शेवंता, मी येतोय. ऑक्टोबरच्या दहा तारखेचं विमान आहे, महिनाभर राहीन. तू मला कळली नाहीस असं नाही म्हणणार मी. मला कळत होतं, पण कळलं नाही असं धरून चाललं की इथले दिवस सोपे जातात. मला काळजी आहे. आता लिहून टाकलं.

इफरा परवा आली. तिला सगळं खरं सांगितलं, खोटं बोललो तेही. ती आधी घर बघतच राहिली, म्हणाली, "अंकल, ये तो पूरा व्हिला है." मग सुलतानाचं कळल्यावर विचारते, "तो क्या मैं नानी बन गई?" घर, जास्वंद, वाळूची बादली सगळं टेम्पोतून पोचवून आलो. पाणी, उजेड, रातकिडे कसे द्यायचे ते तिला दाखवलं, आणि बादली कायम आत ठेवायची हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. खोलीचा कोपरा आता रिकामा आहे. कॅम्प बॉस विचारत होता, टॉवेल कुठे गेले?

गोळी वेळेवर घे. मीठ कमी खा. आईला सगळं सांग.

तुझा
समाधान

देवरूख, ८ सप्टेंबर २०२४

अहो,

काल गणपती बसले. तुमचं पत्र मी देवासमोर नाही ठेवलं, उशीखाली ठेवलं.

आईंना ब्लडप्रेशरचं सांगितलं, तुमच्या येण्याचंही सांगितलं. मला वाटलं म्हणतील, कशाला एवढा खर्च, पुरुषाचं तिथे काय काम. बराच वेळ मोदकाची पारी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मामंजी तुझे, माझ्या चारही वेळी मुंबईला गिरणीत. तार जायची. येऊ दे त्याला. निदान ह्या घरात एकदा तरी कोणी येऊ दे." मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण हातांना पीठ होतं दोघींच्याही.

दौलतभावोजींना काय लिहू ते सुचत नाही. त्यांच्या घरी कंदील आपण पोचवू. काड्या घेऊन या.

या लवकर.

शेवंता

रत्नागिरी, २३ ऑक्टोबर २०२४

दौलत,

फोनवर मुलगी झाली एवढंच सांगितलं. म्हणून लिहितोय. फकरुद्दीनलाही वाचून दाखव, हिंदी करून सांग.

सोमवारी प्रेशर एकदम चढलं. देवरूखहून रत्नागिरीला येईपर्यंत गाडीत शेवंताने माझा हात असा दाबून धरला होता की मला अजून बोटं वळवता येत नाहीत. तिला आत नेलं. डॉक्टर म्हणाले लगेच पोट उघडावं लागेल, सही करा. मी सही केली. आई बाकावर डोळे मिटून बसली. रुचा माझ्या मांडीवर होती, आणि जरा वेळाने म्हणाली, "बाबा, तुम्ही हलताय." मला वाटत होतं मी शांत बसलोय.

बाळ चांगलं आहे, वजन जरा कमी आहे. पण शेवंताला शुद्धीवर यायला वेळ लागला. नर्स मला सारखी सांगत होती, भाऊ, बाहेर बसा, इथे उभं राहून काही होत नाही. मी तिला म्हटलं, बाई, तुमचं खरं आहे, पण मी उभाच राहणार. ती बिचारी माझ्या बाजूने ट्रॉली काढत राहिली. एकदा तिचं चाक माझ्या पायावरून गेलं, तरी मी हललो नाही.

संध्याकाळी शेवंताने डोळे उघडले. बाळ कुठे म्हणाली नाही, पाणी म्हणाली नाही. मान वळवून दाराकडे बघितलं. मी तिथे होतो.

फक्त बघून घेतलं आणि पुन्हा डोळे मिटून शांत झोपली. मी तिथेच उभा राहिलो.

तुझा
समाधान